गोंदूरच्या सुताराचा मुलगा

१४ एप्रिलला आपण पुतळ्याला हार घालतो. तो घडवणाऱ्याचे नाव कधी विचारतो का? हैदराबादेत २०२३ साली उभे राहिलेले १२५ फुटी बाबासाहेब राम सुतारांनी घडवले, तेव्हा ते ९८ वर्षांचे होते. खांडबाऱ्याच्या वाचकांना सांगायचे तर हा माणूस आपल्याच खानदेशातला. १९२५ साली धुळ्याजवळच्या गोंदूर गावी, सुताराच्या घरी जन्मला. श्रीराम जोशी गुरुजींनी त्याचा हात ओळखला आणि मुंबईला जे. जे. कलाशाळेत धाडले. तिथे १९५३ साली सुवर्णपदक. पुढे वेरूळच्या लेण्यांत भंगलेल्या मूर्ती सांधल्या. सरकारी नोकरी मिळाली, तीही छिन्नीपायी सोडली! इंदू मिलच्या साडेतीनशे फुटी पुतळ्याचे कामही त्यांच्याकडेच आले. तो पुरा होण्याआधीच, डिसेंबर २०२५ मध्ये, शंभरी ओलांडून ते गेले.