पाच अपघातांची वाट कशाला?

कात्रजचा नवा बोगदा मागे पडला की बंगळुरू महामार्ग पुण्याकडे नवले पुलापर्यंत उतरतच जातो. डिझेल वाचवायला काही ट्रकचालक या उतारावर गाडी न्यूट्रल करतात. मग सगळा भार ब्रेकवर. ते तापतात आणि पुलाजवळच्या गर्दीत ऐनवेळी दगा देतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये इथेच एका अवजड वाहनाने डझनावारी गाड्या ठोकरल्या.

अशी जागा सरकारदरबारी ‘ब्लॅक स्पॉट’ कधी ठरते? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा निकष साधा आहे: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे आधी माणसं जायची, मग फाइल हलायची.

शिवाय नुसती मोजणी फसवते. समजा, एका वळणावर यंदा नऊ अपघात झाले. तशाच इतर वळणांवर सरासरी तीन होतात. पुढच्या वर्षी काहीही न करता हा आकडा बहुधा खाली येईल, कारण नऊमध्ये योगायोगाचाही वाटा होता. दरम्यान कुणी तिथे एक फलक ठोकला असेल, तर श्रेय त्या फलकाला! टोरांटोचे अभियंते एझ्रा हावर यांनी या भ्रमावर उतारा म्हणून ‘एम्पिरिकल बेज’ ही संख्याशास्त्रीय पद्धत रस्तेसुरक्षेत रुजवली. जागेचा स्वतःचा इतिहास आणि तशाच रस्त्यांवरचा अंदाज यांची ती सांगड घालते. खरा धोका तीन आणि नऊच्या मध्ये कुठेतरी निघतो. नोंदी जितक्या जास्त वर्षांच्या, तितकं जागेच्या इतिहासाला वजन जास्त.

हा अंदाज येतो कुठून? अमेरिकेत २०१० मध्ये ‘हायवे सेफ्टी मॅन्युअल’ आलं. त्यातल्या सूत्रानुसार, ग्रामीण दुपदरी रस्त्यावरून रोज १०,००० वाहनं जात असतील, तर एका मैलात वर्षाला सरासरी २.६७ अपघात अपेक्षित धरतात. मग लेनची रुंदी, वळण, चढउतार पाहून हा आकडा ठरावीक गुणकांनी कमीजास्त करायचा. रुंदीकरणाने किती अपघात टळतील, हे कुदळ मारण्याआधीच मांडता येतं.

ते गुणक आपल्याकडे उचलून लावले तर मात्र फजिती होईल. उलट दिशेने येणारी दुचाकी, अंधारात दिवा नसलेली उसाची ट्रॉली त्या सूत्रात कुठे आहे? २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. आपली सूत्रं आपल्याच नोंदींवर बेतावी लागतील. त्यासाठी आयआयटी मद्रासने घडवलेली ‘आयरॅड’ प्रणाली २०२१ पासून पोलिसांच्या मोबाइलवर आली. अपघाताची नेमकी जागा तिथल्या तिथे नोंदवता येते. पंचनाम्यातल्या ‘फाट्याजवळ’ या शब्दावरून कोणतं वळण, हे ओळखायची कसरत त्यामुळे वाचते.

नागपूरने त्याच वर्षी आणखी पुढचा डाव टाकला. ‘आयरास्ते’ प्रकल्पात शहर बसना कॅमेरे बसवले. पुढची गाडी फार जवळ आली की चालकाला इशारा मिळतो आणि ती जागा नोंदली जाते. जिथे असे इशारे पुन्हापुन्हा वाजतात, ती जागा ‘ग्रे स्पॉट’ म्हणून तपासायला घेतात. पाच अपघात व्हायची अट तिला नाही.