शौर्यपदके आणि सैनिकाचा हुद्दा

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रात सेंच्युरियन जातीचा एक रणगाडा जतन करून ठेवण्यात आला आहे. त्याचे नाव ‘फामागुस्टा’. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी १६ डिसेंबर १९७१ रोजी, शकरगढ आघाडीवरील बसंतरच्या लढाईत, याच रणगाड्यात देह ठेवला. त्यांचा जन्म पुण्याचा. वय अवघे २१ वर्षांचे आणि अधिकारी म्हणून सेवा केवळ सहा महिन्यांची. युद्धाला तोंड लागले तेव्हा ते नगर येथेच तरुण अधिकाऱ्यांचा शिक्षणक्रम पुरा करीत होते. तेथून ते आपल्या ‘पूना हॉर्स’ रिसाल्यात रुजू झाले.

त्या दिवशीच्या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले. त्यांपैकी चार एकट्या खेत्रपालांनी टिपले. त्यांच्या रणगाड्याने पेट घेतला तेव्हा तो सोडून देण्याचा आदेश आला; परंतु तोफ अद्याप चालू आहे असे कळवून ते लढत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

सर्वांत खालच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यास सर्वोच्च पदक कसे, असा प्रश्न काहींना पडतो. ब्रिटिश अमदानीत तो गैरलागू नव्हता. त्या काळी कनिष्ठ अधिकाऱ्यास मिलिटरी क्रॉस आणि शिपायास मिलिटरी मेडल, अशी हुद्द्यानुसार विभागणी असे. व्हिक्टोरिया क्रॉस मात्र सर्वांना खुला होता. भारतीय सैनिकांना तो १९११ पासून मिळू लागला. नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीतील साधे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी सहकाऱ्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित स्थळी नेले, मग परत फिरून शत्रूच्या तीन मशीनगन-चौक्या नष्ट केल्या आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. हा क्रॉस त्यांना मिळाला.

स्वतंत्र भारताने २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर, महावीर व वीर ही तीन चक्रे स्थापन केली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमास ती लागू केली. या तिन्हींत हुद्द्याचा भेद ठेवलेला नाही. तोफखान्याचा लेफ्टनंट, पायदळाचा शिपाई आणि ब्रिगेडियर एकाच पदकास पात्र ठरतात. पाहिली जाते ती शत्रूसमोरील कृती. परमवीरचक्राच्या आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले, यावरून या कसोटीची कठोरता ध्यानी यावी. या पदकाची आकृती सावित्री खानोलकर यांनी केली. जन्माने युरोपीय असलेल्या या बाई विवाहाने मराठी घरातल्या झाल्या होत्या. मध्यभागी राजमुद्रा, भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आणि जांभळी फीत, असे त्याचे रूप आहे.

गावोगावी सत्कार होतात, शाळांत फलक लागतात, त्या वेळी पदकांची गल्लत होते. अशोकचक्र, कीर्तिचक्र व शौर्यचक्र ही शत्रूशी प्रत्यक्ष सामना नसतानाच्या शौर्याची पदके होत. १९७१ च्या युद्धातील ‘पूर्वी स्टार’ व ‘पश्चिमी स्टार’ ही तर त्या त्या क्षेत्रातील सेवेबद्दल सरसकट दिलेली पदके आहेत; ती मानाची खरी, परंतु शौर्यपदके नव्हेत. शौर्यपदकाची शिफारस पलटणीकडून वरिष्ठांकडे जाते, राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर ते राजपत्रात घोषित होते. फलकावर नाव कोरण्यापूर्वी ही घोषणा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून पडताळून घ्यावी.