परार्धाच्या वेशीवरील डेमलो

१२३४५६७८९८७६५४३२१. ही संख्या डावीकडून वाचा की उजवीकडून, एकच. थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात नांदलेली पाहिलेल्या देवासकराला या जोडरचनेचे नवल वाटू नये. फरक इतकाच, की येथे मधल्या नवावरून तंटा नाही.

अशा संख्यांना 'डेमलो' हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी दिले, तेही जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्थानकावरून. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत मास्तर होते. ६१७४ मुळे त्यांची कीर्ती जगभर गेली. मला मात्र त्यांची डेमलो अधिक प्रिय आहे, कारण तिचे मर्म पाटीवर दिसते. नऊ एक शेजारी मांडा आणि त्या राशीचा वर्ग करा. गुणाकारात त्याच नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करताना पहिल्या घरात एक एकं, दुसऱ्यात दोन, असे मध्यावर नऊ, आणि मग उतरण. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचाही वर्गच.

आता ही सतरा अंकी राशी वाचायची कशी? हल्ली लोक 'लाख कोटी' म्हणून मोकळे होतात. त्याला आपल्याकडे महापद्म हा सुटसुटीत शब्द असता ही लाचारी का, हे मला कळत नाही. इ. स. ११५० च्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी एकं ते परार्ध अशी अठरा स्थाने दिली आहेत. त्यांप्रमाणे आपली राशी अशी: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद हे शिखर, मग आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. मोठ्याने म्हणून पाहावे. चढउतार कानाला कळतो.

धारकरांना येथे थोडा हक्क सांगता येईल. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांचे पूर्वज भास्करभट्ट यांना भोजराजाने 'विद्यापती' ही पदवी दिल्याचा उल्लेख आहे. हा लेख आचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा.

दहा एकांचा वर्ग केला की मात्र मध्यघरात दहा जमतात, हातचा लागतो आणि नक्षी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गडप, शिखरावर दोन पूज्ये. शिवाय ही राशी एकोणीस अंकी. 'लीलावती'ची नावे अठराव्या घरीच संपलेली. यात दैवी संकेत शोधणाऱ्यांतला मी नव्हे. पण शेजाऱ्यांच्या नातवाला ती वाचून दाखविताना 'बारा परार्ध, तीन मध्य, चार अंत्य' अशी सुरुवात करावी लागली, आणि त्याने लगेच विचारले, 'बारा कसे? एका घरात एकच अंक ना?'