उंच धुराडी, बेजार शेजारी

गेल्या भागात हवेची मानके कशी ठरतात ते आले. पण मानके पाळणारे राज्य आणि धूर सोडणारे राज्य वेगळे असेल, तर नोटीस कोणाला द्यायची? अमेरिकेत हा तंटा 1907 मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत पोचला होता.

टेनेसी राज्यातल्या डकटाउनच्या खोऱ्यात तांब्याचे खनिज लाकडांच्या ढिगांवर, उघड्यावरच भाजत. गंधकाच्या वायूने भोवतालची झाडी करपली. ओरड झाली तेव्हा कंपन्यांनी ते ढीग बंद करून उंच धुराडी उभारली, आणि तोच वायू सीमेपलीकडे जॉर्जियाच्या रानांवर, फळबागांवर उतरू लागला. जॉर्जियाने दावा लावला. आपल्या डोंगरांवर झाडे राहावीत की नाहीत हे ते राज्य ठरवील, शेजारची कंपनी नव्हे, अशी भूमिका घेत न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी जॉर्जियाच्या बाजूने कौल दिला. मग कंपन्या वायू अडवून त्याचे गंधकाम्ल करू लागल्या. खत कारखान्यांना ते हवेच होते. पुढे तांब्यापेक्षा आम्लच जास्त कमावून देऊ लागले.

सगळीच भांडणे अशी नफ्यात मिटत नाहीत.

1970 च्या स्वच्छ हवा कायद्याने जमिनीलगतच्या हवेला मानके लावली आणि वीज कंपन्यांनी पुन्हा जुनीच पळवाट धरली. त्या वर्षी 500 फुटांहून उंच धुराडी देशात अवघी दोन होती. 1985 पर्यंत ती 180 च्या वर गेली. पेनसिल्व्हेनियातल्या होमर सिटी या कोळशाच्या केंद्राचे एक धुराडे तर 371 मीटरचे! जवळच्या मोजणी केंद्रावर आकडे ठीक दिसत. गंधक जाई वाऱ्याबरोबर पूर्वेला. उंचीच्या आडून सूट मिळवण्याला 1977 च्या दुरुस्तीने आळा घातला. एका राज्याच्या धुराने दुसऱ्याची मानके मोडू नयेत, असे ‘चांगल्या शेजाऱ्या’चे कलमही कायद्यात आहे.

खरी अडचण वाटणीची. कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरचा ओझोन अनेक राज्यांच्या धुरातून घडतो, आणि त्यातले प्रत्येक राज्य आणखी दोन-चार राज्यांनाही त्रास देत असते. कोणी किती कपात करायची? ही वाटणी ठरवणारा, केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा 2005 चा नियम न्यायालयात टिकला नाही. 2011 च्या नियमात तिने दोन पायऱ्या ठेवल्या. ज्याचा वाटा मानकाच्या एक टक्क्याहून कमी, ते राज्य मोकळे. उरलेल्यांनी अमुक खर्चात जेवढी कपात होईल तेवढी करायची. ज्यांनी प्रदूषण रोखणारी यंत्रणा आधीच बसवली, त्यांच्यावर दुसऱ्यांदा भुर्दंड नको, हा हेतू. होमर सिटीच्या चालकांनी आव्हान दिले. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी नियम उचलून धरला आणि निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी वाऱ्याच्या लहरीपणासाठी थेट बायबलचा दाखला दिला. कायदा प्रदूषणाच्या प्रमाणाबद्दल बोलतो, खर्चाबद्दल नाही, असे अँटोनिन स्कॅलिया यांचे विरोधी मत होते. अक्षरावर बोट ठेवले तर त्यात तथ्य आहे. पण प्रमाणाचे ते गणित इतक्या राज्यांसाठी एकाच वेळी सोडवायचे कसे, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याजवळ नव्हते.

पुढचा टप्पा ओझोनच्या नव्या मानकाचा. 2015 मध्ये मानक हवेच्या एक अब्ज भागांत 70 भागांवर आले आणि त्यासाठी 2023 मध्ये 23 राज्यांची योजना निघाली. बारा राज्यांपुरती ती खालच्या न्यायालयांत अडली. एवढी राज्ये गळाल्यावरही तोच हिशेब लागू कसा, याचे कारण संस्थेने नीट दिले नाही, म्हणून 27 जून 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी योजनेला स्थगिती दिली.

होमर सिटी 2023 मध्ये बंद पडले. 2025 च्या मार्चमध्ये सुरुंग लावून त्याची धुराडी पाडली गेली आणि महिनाभरात त्याच जागी डेटा सेंटरसाठी नैसर्गिक वायूवरचे प्रचंड वीज केंद्र जाहीर झाले. वायूच्या धुरात गंधक जवळजवळ नसते. ओझोन घडवणारी नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र असतात.