किल्ला कोणाचा ?

सर्जनशीलता हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर एकटा माणूस उभा राहतो. कवी एकटा बसून कविता लिहितो, चित्रकार एकटाच फलकासमोर उभा असतो, शास्त्रज्ञ एकटा रात्र जागवतो. वर्गात सरांनी सर्जनशीलतेची व्याख्या सांगितली आणि ती मी वहीत उतरवून घेतली, तेव्हा माझ्याही मनात असाच कोणी विस्कटलेल्या केसांचा, जगापासून दूर बसलेला गृहस्थ होता. पुढे दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. आमच्या बोळात मुलांनी किल्ला करावयास घेतला होता. ती माती, ती आरडाओरड पाहताना सहज मनात आले की, ज्याला सर्जनशील म्हणता येईल असे माझ्या हातून आजवर एकच काम झाले आहे, आणि त्याला आम्ही सात जण लागलो होतो.

दिवाळीतला मातीचा किल्ला आपणांपैकी बहुतेकांनी केला असेल. पश्चिम महाराष्ट्रात तरी शाळेला सुट्टी लागली की अंगणात, बोळात, वाड्याच्या कोपऱ्यात दगडविटा जमू लागतात. परंतु आपण जे लहानपणी केले त्याचा विचार मोठेपणी सहसा करीत नाही. म्हणून हा किल्ला उभा कसा राहतो, हे प्रथम जरा तपशिलाने सांगतो.

किल्ल्याची सुरुवात मातीपासून होत नाही, ती अडगळीपासून होते. फुटक्या विटा, दगड, कौलांचे तुकडे, एखादे गळके घमेले असे जे मिळेल ते रचून आधी डोंगराचा सांगाडा करावयाचा. गुहा हवी असेल तर तिची जागा याच वेळी मोकळी ठेवावी लागते. नंतर पोखरू म्हटले तर डोंगर बसतो. या सांगाड्यावर गोणपाट पातळ चिखलात बुडवून अंथरावयाचे. गोणपाटाच्या सुरकुत्या आपोआप दऱ्या आणि सोंडा होतात, आणि त्याच्या धाग्यांना धरून वरची माती उतारावर टिकते. गोणपाट न घालता नुसती माती थापली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मा डोंगर पायथ्याशी आलेला असतो. हे आम्ही एका वर्षी पाहिले आहे.

त्यानंतर चाळलेली माती, आणि मग पेरणी. उतारावर हळीव आणि सपाटीवर मोहरी हा आमच्याकडचा रिवाज. हळीवच का, हे मला फार उशिरा कळले. हळिवाचे बी पाण्यात पडले की त्याच्याभोवती बुळबुळीत थर येतो. बाळंतिणीच्या खिरीत तो आपण पाहतोच. या थरामुळे बी ओल्या उतारावर चिकटून राहते, घरंगळत नाही. ते दोनतीन दिवसांत फुटते आणि चारपाच दिवसांत हिरवे दिसू लागते. म्हणजे लक्ष्मीपूजनाला गड हिरवा हवा असेल तर वसुबारसेच्या आधीच पेरणी उरकावयास हवी. आमच्या मंडळीत पेरणीची तारीख ठरविण्याचे काम ज्याच्या घरी शेती होती त्याच्याकडे असे, आणि त्यात तो कोणाचेही ऐकत नसे.

आमच्या भागातली माती काळी, कृष्णाकाठची. तिच्यात एक खोड आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते, त्यामुळे तडे जातात. आम्ही पाचवीत असताना केलेल्या किल्ल्याची तटबंदी नरकचतुर्दशीच्या पहाटे जागोजागी उलली होती. आमच्यात एक मित्र होता, त्याचे आईवडील वीटभट्टीवर कामाला होते. त्याने ते पाहिले आणि तो म्हणाला, “नुसत्या मातीची वीट करत्यात व्हय ? राख घाला की. भुसा घाला.” राख पाण्याने फुगत नाही म्हणून आक्रसतही नाही, आणि भुशाच्या काड्या मातीला आतून धरून ठेवतात. हे शास्त्र आज मी मांडू शकतो. त्या दिवशी त्याने ते फक्त करून दाखविले. पुढच्या वर्षापासून आमच्या तटाला तडा गेला नाही.

सहावीत शाळेची सहल प्रतापगडावर गेली. सातवीत आम्ही ठरविले की, आता ‘कोणतातरी’ किल्ला नको, प्रतापगडच करावयाचा. मी पुस्तकातल्या चित्रावरून वहीत नकाशा काढला. मुख्य किल्ला, खालची माची, भवानीमातेचे मंदिर, १९५७ साली पंडित नेहरूंच्या हस्ते अनावरण झालेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा, सगळे मोजून मापून. तो नकाशा दोन दिवसही टिकला नाही. कारण ज्या कोपऱ्यात किल्ला करावयाचा तिथे पायरीचा एक मोठा दगड पुढे आलेला होता आणि तो कोणाला हलेना. मी रागावलो. वीटभट्टीवाला मित्र मात्र त्या दगडावर बसला, थोडा वेळ इकडेतिकडे बघत राहिला आणि म्हणाला, “हीच माची करू.” आणि खरोखर, तो दगड नसता तर आमच्या गडाला माची मिळाली नसती. पुढे आलेल्या दगडाच्या कडेने तट वळवत नेला आणि शेवटी बुरूज बसविला, तेव्हा माझ्या वहीतल्यापेक्षा तो प्रतापगडासारखा अधिक दिसू लागला.

खऱ्या गडांचेही असेच आहे, हे नंतर वाचनात आले. १६५६ साली प्रतापगडाचे काम पूर्ण झाले, ते मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली. तिथली तटबंदी सरळ रेषेत कुठेच जात नाही, ती कड्याच्या काठाने वळते. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत, कारण डोंगराला तीन बाजूंना तीन सोंडा आहेत. डोंगर जसा असेल तसा गड होतो. अडचण ही कल्पनेची शत्रू आहे असे आपण समजतो. मला तर वाटते की आमच्या बोळातला तो दगड आमच्या सातांमधला आठवा गडी होता.

बुरुजांची गोष्ट सांगावयाची राहिली. आम्ही पेल्यात माती दाबून बुरूज पाडत असू आणि उपडे करून ठेवत असू. ते बरे दिसत. पण मोठा बुरूज हाताने थापावा लागे आणि तो हमखास बाहेरच्या अंगाला कलत असे. माझे वडील गवंडीकाम करतात. कामावरून येताना ते एकदा उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, “सरळ नका उचलू, वर जाताना आत घ्या.” त्यानंतर गडावर गेलो की मी बुरूज बघतो, तळाशी रुंद, वर निमुळता. बाबा कधी रायगडावर गेलेले नाहीत.

कारंजे हे आमच्या किल्ल्याचे वैभव. बाटली उंच भिंतीवर टांगावयाची, सलाईनची नळी मातीखालून तळ्यापर्यंत न्यावयाची आणि तोंडाशी बॉलपेनची रिकामी रिफील बसवावयाची. पाणी बाटलीच्या पातळीच्या वर चढू शकत नाही, म्हणून बाटली जितकी उंच तितके कारंजे उंच. रिफिलीची युक्तीही त्याच मित्राची. त्याआधी पाणी नुसते ओघळत असे. बारीक तोंड मिळाल्यावर ते उडू लागले.

आता सहकार्याबद्दल. ‘संघभावना’ या विषयावर मी शाळेत निबंध लिहिला होता, त्यात सर्वांनी एकदिलाने काम केले असे एक वाक्य होते. ते खोटे आहे. आम्ही सतत भांडत होतो. मावळे कुठे उभे करावयाचे, गवळण किल्ल्यात येते की पायथ्याच्या गावात, वाघ गुहेत बसेल की बाहेर, प्रत्येक गोष्टीवर वाद. सर्वांत मोठे भांडण विमानावरून झाले. सर्वांत लहान गड्याकडे पत्र्याचे विमान होते आणि ते गडावर ठेवलेच पाहिजे असा त्याचा हट्ट होता. मी इतिहासाच्या बाजूने बोललो. शिवरायांच्या काळी विमान नव्हते हे त्याला मान्य होते. पण त्याचे म्हणणे, मग शिवराय सिंहासनावर बसलेत आणि बाजूला तेवढ्याच उंचीची कोंबडी उभी आहे, ते कसे चालते? यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. विमान पायथ्याच्या शेतात उतरले. बघायला आलेली मंडळी गडापेक्षा त्या विमानापाशी अधिक रेंगाळली, हे मला तेव्हा अजिबात आवडले नाही.

तरीही काम झाले, ते कसे, याचा मी अलीकडे विचार करतो. मला वाटते, प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे नसलेली एकेक गोष्ट होती आणि ती त्याच्यावाचून मिळणार नव्हती. पेरणीवाला रुसला तर गड उघडा राहणार, विहिरीवरून पाणी आणणारा गेला तर चिखल वाळणार. एकमेकांवर प्रेम होते म्हणून नव्हे, तर गरज होती म्हणून आम्ही समेट करीत होतो. आजकाल बाजारात प्लॅस्टरचे तयार किल्ले मिळतात. ज्यांच्या घरी अंगण नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न खरा आहे, म्हणून मी त्यांना नावे ठेवणार नाही. परंतु तयार किल्ला आणावयाला एकच माणूस पुरतो.

त्याच वर्षी तालुक्याच्या गावी एका मंडळाने किल्ला स्पर्धा ठेवली होती. परीक्षक घरोघर येऊन पाहत. अर्ज आणला, त्यावर ‘स्पर्धकाचे नाव’ अशी एकच ओळ होती. माझे अक्षर चांगले, म्हणून अर्ज भरण्याचे काम माझ्याकडे आले. मी माझे नाव लिहिले. त्या वेळी त्यात काही गैर वाटले नाही, निदान तसे मी स्वतःला सांगत आलो. परंतु खरे सांगावयाचे तर ओळीवर सात नावे मावणार नाहीत हे पाहून मला बरे वाटले होते.

आम्हांला दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांनी तटबंदीचे आणि कारंज्याचे विशेष कौतुक केले. तट ज्या राखेने टिकला ती माझी नव्हती आणि कारंजे ज्या रिफिलीने उडाले तीही नाही. मी मान डोलावली. प्रमाणपत्र आईने चौकटीत बसवून घेतले. आमच्या घरात भिंतीवर लागलेला तो पहिला छापील कागद, त्यामुळे तिचा आनंद मी समजू शकतो. मित्र काही बोलला नाही. पुढच्या दिवाळीला आम्ही त्याला हाक मारावयास गेलो, तर त्याने आपल्या खोपटापुढे एक लहानसा किल्ला केला होता. एकच बुरूज, एक पायवाट आणि वर भट्टीची तांबडी भुकटी टाकलेली. इतका सुबक बुरूज मी पुन्हा पाहिला नाही. नंतर ते कुटुंब दुसऱ्या भट्टीवर गेले.

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर एक नाव कोरलेले आहे. ते हिरोजीचे. गडाचे बांधकाम त्याने केले, आणि मंदिराच्या शिलालेखातही त्या बांधकामांचा व त्याचा उल्लेख येतो. राजाचा गड, पण बांधणाऱ्याचे नाव तिथे राहिले, हे वाचून मला फार बरे वाटले होते. मग वाटले, हिरोजीच्या हाताखाली दगड फोडणारे, ते वर चढविणारे, चुना मळणारे किती असतील ! जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. रायगड, राजगड, प्रतापगड तिन्ही त्यांत आहेत. बातमी वाचली त्या दिवशी मला गडांच्या आधी ती अर्जावरची ओळ आठवली. मित्राला पत्र लिहावे असे बरेचदा मनात येते. कुठल्या भट्टीवर पाठवावे हे कोणाला सांगता येत नाही.

असो. या दिवाळीत बोळातल्या मुलांनी राजगड केला. मी नुसता बघत उभा होतो. किल्ला पुरा झाल्यावर ती माझ्याकडे आली. मी कॉलेजात जातो, तेव्हा पाटी मीच लिहावी असे त्यांचे म्हणणे. मी वर ‘राजगड’ लिहिले आणि विचारले, “करणारे कोण कोण ?” नऊ नावे निघाली. त्यांत एकाने फक्त रात्री कुत्री हाकलली होती. त्याचे नाव घालावे की नाही यावर बराच वेळ वाद झाला. शेवटी कुत्र्यांनी एकदाही माची तुडविली नाही हे सर्वांना मान्य करावे लागले, आणि नाव आले. पाटी लहान होती. सात नावे पुढच्या बाजूला बसली, दोन मागे लिहावी लागली. ती दोन कोणाची, यावरून पुन्हा भांडण जुंपले, ते मी गाडी पकडावयास निघालो तेव्हाही चालूच होते.