उजेड रस्त्यावर पडू दे!

“आई, बाहेर ये ना, एक गंमत दाखवतो!”

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मुलानं मोटारसायकल चालू केली मात्र, समोरच्यांचं कुंपण, त्यांचं तुळशीवृंदावन, इतकंच काय पण वरच्या मजल्याची गॅलरीसुद्धा पांढरीफटक दिसायला लागली. “अगंबाई, चांदणंच पडलं की रे!” मी म्हटलं. हेही बाहेर येऊन कौतुकानं बघून गेले. चारशे रुपयांचा एलईडी बल्ब, बसवायला पाच मिनिटं. एवढ्या पैशांत एवढा उजेड म्हटल्यावर कुणाला आनंद होणार नाही?

आनंदाचं कारणही तसंच होतं. आम्ही राहतो म्हसरूळला आणि मुलगा नोकरीला दिंडोरीच्या बाजूला. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला मध्यरात्र होते. ऊसतोडीच्या दिवसांत त्या रस्त्यानं कादवा कारखान्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या चाललेल्या असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. आठवडाभरापूर्वीच ढकांब्याच्या अलीकडे असा एक उसाचा डोंगर त्याच्यापुढे अचानक उभा राहिला होता. थोडक्यात वाचला. घरी आला तेव्हा हातातला पाण्याचा पेला थरथरत होता. “आई, आपल्या गाडीचा लाइट म्हणजे देवघरातलं निरांजन झालंय,” म्हणाला.

हिशेब केला तर अंगावर काटा येतो. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना कळून हात ब्रेकवर जाईपर्यंतच सेकंद-दीड सेकंद निघून जातो, मग गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे ४० मीटरवरचं दिसत नसेल तर ब्रेक दाबूनही उपयोग नाही. तेव्हा त्यानं बल्ब बदलला यात त्याचं काय चुकलं, असंच मला वाटलं होतं.

मग आली संक्रांत.

मखमलाबादला एका मैत्रिणीकडचं हळदीकुंकू आटोपून आम्ही दोघी स्कूटीवरून म्हसरूळकडे परतत होतो. ती चालवत होती, मी मागे, मांडीवर वाणाच्या वाट्यांची पिशवी. साडेसात वाजले असतील. समोरून एक मोटारसायकल आली. गाडी कसली, नुसता पांढरा गोळाच! “अगं, मला काही दिसतच नाहीये,” एवढंच ती म्हणाली आणि पुढचं चाक डांबरावरून खाली उतरलं. तिथं साइडपट्टी चांगली वीतभर खोल. आम्ही दोघी आडव्या. वाट्या रस्ताभर घरंगळल्या, तिळगूळ मातीत गेला. मला खरचटण्यावर भागलं, तिचं मात्र मनगट मोडलं. उजव्या हाताचं. दीड महिना प्लास्टर! ज्या घरात सगळं एकीच्याच हातावर चालतं तिथं उजवा हात दीड महिना गळ्यात म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मोटारसायकलवाला थांबलाही नाही. त्याला कळलंही नसेल. त्याला त्याचा रस्ता झकास दिसत होता ना!

त्या रात्री झोप येईना म्हणून मी फाटकाशी उभी होते. बाराच्या सुमारास गल्लीच्या टोकाला तोच पांढरा गोळा वळला आणि थेट माझ्या डोळ्यांत घुसला. मी हात आडवा धरला. गाडी अगदी जवळ येऊन बंद झाली तेव्हा कुठे दिसलं, तो आमचाच चिरंजीव.

घरात वाद झाला. “आई, मग मी काय ट्रॉलीवर जाऊन आदळू?” त्याचा प्रश्न. “आणि समोरच्या बाईनं खड्ड्यात जायचं का?” माझा. दोघांचंही खरं होतं, म्हणून वाद मिटेना. शेवटी रविवारी आम्ही दोघं आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्या भाऊंकडे गेलो.

त्यांनी हेडलाइट उघडला आणि तो एलईडी बल्ब माझ्या हातात ठेवला. “वहिनी, हेडलाइटच्या आतली ही चकचकीत वाटी बघा. हिला रिफ्लेक्टर म्हणतात. जुन्या बल्बची तार नेमकी कुठं येणार हे धरून वाटीचा आकार केलेला असतो. कंदिलाची वात जागेवर असली तरच काच नीट उजळते ना, तसं. या बल्बात तारच नाही. पट्टीच्या दोन अंगांना दिवे चिकटवलेत. मग उजेड जातो चारी दिशांना. थोडा रस्त्यावर, बाकीचा झाडावर, गॅलरीत आणि समोरच्याच्या डोळ्यांत.”

मला आमच्या शेजाऱ्यांची गॅलरी आठवली! जो उजेड बघून आम्ही टाळ्या पिटल्या, तो रस्त्यावर पडायचा उजेड भलतीकडे जात होता.

म्हणजे एलईडी वाईट असं नाही बरं का. हल्ली नव्या गाड्यांना कंपनीतूनच एलईडी हेडलाइट येतो, तो अख्खा त्याच दिव्यासाठी बेतलेला असतो. गाडीचे दिवे बाजारात येण्याआधी आपल्याच पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत त्यांचा उजेड कुठे किती पडतो याची तपासणी होते. भानगड होते ती हॅलोजनच्या वाटीत एलईडी कोंबला की.

“मग जास्त वॅटचा साधा बल्ब टाकू का?” मुलानं विचारलं. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ३५ वॅटचा हॅलोजन असतो, हा ६० किंवा १०० वॅटचा टाकायला निघाला. भाऊंनी कपाळाला हात लावला. एवढ्या उष्णतेनं प्लॅस्टिकची वाटी वितळते, होल्डर आणि स्विच जळतात. शिवाय जुन्या गाड्यांत हेडलाइटला वीज थेट इंजिनाजवळच्या कॉइलमधून येते. म्हणून तर गाडी हळू झाली की लाइट मंदावतो. तिथं मोठा बल्ब टाकला तर हळू चालवताना जास्तच मिणमिणतो.

मग त्यांनी खरं दुखणं दाखवलं. आमच्या गाडीची वाटी काळवंडली होती. पुढची काच, म्हणजे प्लॅस्टिकच ते, उन्हानं पिवळी पडलेली. होल्डरच्या पिना गंजलेल्या. बल्ब बिचारा जळत होता, पण त्याचा उजेड बाहेर येणार कुठून? आपण चिमणीची काजळी न पुसता वात वाढवत बसलो होतो. कंपनीचा नवा हेडलाइट सेट, नवा होल्डर आणि ३५ वॅटचाच चांगला बल्ब, मजुरीसकट हजार-बाराशेत काम झालं. बल्ब बसवताना त्यांनी फडक्यानं धरला. हॅलोजनच्या काचेला बोटाचं तेल लागलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो म्हणे.

पण सगळ्यात मजेचा भाग पुढेच. गाडी सपाट जागी भिंतीसमोर दहा मीटरवर उभी केली. हेडलाइटच्या उंचीएवढी खडूची रेघ भिंतीवर मारली. मुलगा सीटवर बसला, डिपर लावला. उजेडाचा वरचा काठ त्या रेघेच्या चार ते सहा इंच खाली यायला हवा. आला. “आता वहिनी, तुम्ही मागे बसा.” मी बसले आणि उजेड चढला की रेघेच्या वर! मागे वजन आलं की गाडीचं शेपूट खाली जातं आणि तोंड वर. हे नेमके तेव्हाच तिथं आलेले. “बघितलंस, तुझ्यामुळे लोकांचे डोळे दिपतात,” म्हणून हसून घेतलं. हसू द्या. पण आपल्यापैकी कितीजणी रोज मागे बसतो, पुढ्यात एक पोर, हातात पिशवी आणि कॅरिअरला गव्हाचं पोतं! हेडलाइटजवळच्या स्क्रूनं फोकस खाली घ्यायला मिनिटसुद्धा लागत नाही, आणि मागच्या चाकात हवा कमी असेल तर आधी ती भरायची.

कायद्यातही हे लिहिलेलं आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटलंय की दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. गाडीपुढे ८ मीटरवर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील तो दिपता कामा नये. दीड मीटर म्हणजे रस्त्यानं चालणाऱ्या आपल्यासारख्या बाईच्या डोळ्यांची उंची हो! पूर्वी हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग फासलेला असायचा, तो याचसाठी. २०१९ च्या सुधारित कायद्यानं गाडीत बेकायदा बदल केल्यास मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आमच्या मोटारसायकलचं आरसी बुक माझ्या नावावर आहे. ते ऐकल्यावर मुलगा जरा गप्प झाला.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही आपोआप चालूच असतो. अजूनही समोरची बाई हाताची पाकळी उघडमीट करून “लाइट चालू आहे” सांगते, तेव्हा मी नुसती हसते.

आपल्याकडे पायी चालणारेही कमी नाहीत. चैत्रात आणि नवरात्रात वणीच्या गडाकडे निघालेली माणसं, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबककडे जाणाऱ्या दिंड्या, सगळे पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेनं. गंगापूर रोडला रस्ता रुंद झाला तशी जुनी झाडंच रस्त्यात आली. या सगळ्यांना चुकवायला उजेड तर हवाच. वय वाढलं की डोळे दिपल्यावर सावरायलाही वेळ जास्त लागतो, मोतीबिंदू असेल तर विचारूच नका. समोरून झोत आलाच तर त्याच्याकडे बघायचं नाही, वेग कमी करून रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवायची. माझी मैत्रीण आता तसंच करते. मनगट अजून थंडीत दुखतं म्हणते.

मुलाला ट्रॉल्या आता दिसतात, अगदी पांढऱ्या बल्बाइतक्या लांबून नाही पण पुरेशा लांबून. जिथं ट्रॉल्या असतात तिथं तो वेग पन्नासच्या आत ठेवतो, असं तो सांगतो. मी विश्वास ठेवते. आमच्या बचत गटातल्या तिघींच्या घरून ट्रॉल्या कारखान्याला जातात. त्यांच्यासाठी मागे लावायची लाल चमकती टेप आणून ठेवली आहे. आणि येत्या रविवारी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, शाळेच्या भिंतीशी सगळ्यांनी आपापल्या गाड्या घेऊन यायचं ठरलंय. मालकांसकट. खडू मी नेणार आहे.