‘ओके’चा फुलफॉर्म

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत ‘ओके’चे नाना फुलफॉर्म फिरत असतात. त्यातला सगळ्यांचा लाडका ‘झीरो किल्ड’. अमेरिकेच्या यादवी युद्धात एकही सैनिक पडला नाही की छावणीतल्या पाटीवर म्हणे शून्य आणि ‘के’ लिहायचे. गोष्ट झकास आहे. फक्त ते युद्ध १८६१ साली सुरू झालं आणि ओके त्याच्या २२ वर्षं आधीच छापून आलं होतं.

कुठे? २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये. स्पेलिंग मुद्दाम बिघडवून त्याची आद्याक्षरं वापरायची, असा चावटपणा तेव्हा तिथल्या पत्रकारांत बोकाळला होता. ‘ऑल राइट’चं ओ. डब्ल्यू., ‘नो यूज’चं के. वाय. आणि ‘ऑल करेक्ट’चं ओ. के. म्हणजे ‘सगळं बरोबर’ सांगणाऱ्या शब्दाची दोन्ही अक्षरं चूक! बाकीची मंडळी लवकरच विस्मरणात गेली. ओके तगलं ते १८४० च्या निवडणुकीमुळे. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूकचे, म्हणून ‘ओल्ड किंडरहूक’. समर्थकांनी ओके नावाचे क्लबच काढले. व्हॅन ब्यूरन हरले, शब्द घरोघर पोचला. हा सगळा माग अ‍ॅलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून काढला आणि १९६०च्या दशकात प्रसिद्ध केला.

ओके हे ‘ओकेए‌वाय’चं लघुरूप, असंही शिकवलं जातं. आहे उलटं: आधी दोन अक्षरं, लांब स्पेलिंग नंतरचं.

ओके म्हणजे छान, हा गैरसमज मात्र महागात पडू शकतो. यजमानीणबाईंना ‘जेवण ओके होतं’ म्हणून बघा! तिथे त्याचा अर्थ ‘चालेल इतपत’. पडलेल्या माणसाला ‘ओके ना?’ विचारतो तेव्हा प्रश्न लागल्याचा असतो. आणि फोनवरच्या ‘ओके, मग भेटू’मध्ये ना होकार, ना कौतुक, बोलणं आवरतं घ्यायची ती नुसती खूण.

राहता राहिलं ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’. त्यातल्या ओकेचा संबंध कुणी महायुद्धातल्या केरोसीनशी जोडतं, कुणी साबणाच्या जाहिरातीशी. भक्कम पुरावा कशालाच नाही. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये हा मजकूर रंगवायला बंदी केली. कारण उगमाचं नव्हतं. मागचे गाडीवाले तो वाचून बिनधास्त हॉर्न बडवतात, हे होतं.